मालवणी घरात मासे खाणं सोडायचं असेल तर

माझं कारण एक कुर्ली, म्हणजे खेकडा, आहे. सहा वर्षांपूर्वी सासरी, मालवणला, नांग्या मोडायला बसले होते. एकीने माझ्या ओढणीचं टोक पकडलं. दुसरी नांगी मोडली, पाय मोडले, तरी तिने टोक सोडलं नाही. लहानपणापासून अशा किती कुर्ल्या साफ केल्या असतील! त्या दिवशी रस्सा सगळ्यांना वाढला, मला मात्र घास गेला नाही.

तुमचं कारण वेगळं असेल. ते एकदोन वाक्यांत सांगता यायला हवं, कारण प्रत्येक लग्नात, प्रत्येक जत्रेला कुणीतरी विचारणारच. सासूबाई म्हणाल्या, "माश्याशिवाय तुका जेवान जातला?" मी कुर्लीचं सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी काळ्या वाटाण्याची आमटी वेगळ्या टोपात ठेवलेली होती.

सुरुवात जूनमध्ये करा. १ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते, बाजारात ताजं फारसं येतच नाही. मागोमाग श्रावण, मग गणपती. सोमवार, गुरुवार, शनिवार आपण तसेही पाळतो. सुकटीचा डबा मात्र मे महिन्यातच कुणाला तरी देऊन टाका. पावसात शेजारी सुका बांगडा भाजतात तेव्हा घरात तो डबा नसलेलाच बरा.

मला खरं तर बांगडा आठवत नव्हता, त्याचं तिखलं, म्हणजे झणझणीत कालवण, आठवत होतं. मग माशाऐवजी सुरण घालून तेच केलं. ओलं खोबरं, भिजवलेल्या बेडगी मिरच्या, धणे आणि हळद गंधासारखं बारीक वाटायचं. सुरणाच्या फोडी चार आमसुलं टाकून शिजवायच्या, म्हणजे घशाला खाजत नाही. मग वाटण लावायचं. सात-आठ तिरफळं घ्यायची, आतली काळी बी काढायची, नुसती ठेचून शेवटच्या उकळीला टाकायची. वाटणात घालू नका, कडवट होतं. झाकण काढल्यावर जो वास येतो, त्यासाठीच मी इतकी वर्षं जेवत होते हे तेव्हा कळलं.

बी-१२ तपासून घ्या. माझं पहिल्याच वर्षी कमी निघालं, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. डाळी-भाज्यांतून ते मिळत नाही. दूध, दही, ताक रोज पोटात जायला हवं.

आता संगतीचं. एकटीने हे निभावत नाही. पण माणसं नीट बघून जोडा. मुंबईत भाड्याचं घर शोधताना एका सोसायटीने नवरा मासे खातो म्हणून नकार दिला. तो खात नसता तरी मी तिथे राहिले नसते. ज्या हातांनी मला वाढवलं ते मासे विकणारे, मासे साफ करणारे हात आहेत. त्यांना कमी लेखणारा शाकाहार मला नको.

मला माझी माणसं वारीत भेटली. आळंदीहून निघालेल्या दिंडीबरोबर चार मुक्काम चालले. पंगतीत भाकरी आणि पिठलं. शेजारी बसलेल्या परभणीच्या मावशींना कुर्लीचं सांगितलं, तर त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "जीव हाय ना बाई तो बी." गावी परतल्यावर कळलं की आमच्याच वाडीत तीन माळकरी घरं आहेत. आता दर एकादशीला संध्याकाळी हरिपाठाला त्यांच्याकडे जाते, वऱ्याचे तांदूळ आणि दाण्याची आमटी मी करून नेते.

माळ मी अजून घातलेली नाही. घातली की एकादशी आणि वारी दोन्ही चुकवायची नाही. येत्या आषाढीला मावशींच्या दिंडीतल्या महाराजांना विचारणार आहे.