हळदीच्या पोत्यांचे सरासरी वजन: विश्वास अंतराल आणि परिकल्पना चाचणीतील या चुका टाळा

सांगलीच्या मार्केट यार्डात प्रत्येकी ५० किलोची म्हणून लावलेल्या हळदीच्या पोत्यांपैकी २५ पोती वजनकाट्यावर घेतली आणि त्यांचे सरासरी वजन ४९.५६ किलो, तर प्रमाण विचलन (वजनांचा सरासरीभोवतीचा पसारा) १.१ किलो आले, असे समजा. आकडे काल्पनिक आहेत. मात्र या विषयातील नेहमीच्या चुका दिसाव्यात म्हणून ते मुद्दाम असे घेतले आहेत.

सर्वांत जास्त आढळणारी चूक सवयीने १.९६ हा गुणक वापरण्याची आहे. येथे प्रमाण त्रुटी (नमुन्याच्या सरासरीतील अनिश्चितता) १.१ भागिले २५ चे वर्गमूळ ५, म्हणजे ०.२२ किलो येते. १.९६ घेतल्यास ९५ टक्के विश्वास अंतराल, म्हणजे खऱ्या सरासरीसाठीचा अंदाजी पट्टा (नमुन्याची सरासरी अधिक-उणे गुणक गुणिले प्रमाण त्रुटी), ४९.१३ ते ४९.९९ असा मिळतो, ५० त्याच्या बाहेर पडतो आणि पोती कमी भरतात असा निकाल दिला जातो. परंतु समष्टीचे, म्हणजे सगळ्या पोत्यांचे, प्रमाण विचलन आपल्याला ठाऊक नाही; ते याच २५ पोत्यांवरून काढले असल्याने त्यातही अनिश्चितता आहे. डब्लिनच्या गिनेस कंपनीत काम करणाऱ्या विल्यम गॉसेट यांनी १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने मांडलेले टी-वितरण नेमके याचसाठी आहे. २४ स्वातंत्र्यमात्रांसाठी (पोत्यांची संख्या वजा १) त्याचा गुणक २.०६४ असून अंतराल ४९.११ ते ५०.०१ होतो. ५० आता आत आला, म्हणजे पोती कमी भरतात असा निकाल देता येत नाही.

असा निकाल हाती आल्यावर काही जण एकपुच्छ चाचणीकडे, म्हणजे फक्त एकाच बाजूचा फरक तपासणाऱ्या चाचणीकडे, वळतात. टी-मूल्य (५० पासूनचा फरक भागिले प्रमाण त्रुटी) उणे २ आहे आणि एकपुच्छ चाचणीची ५ टक्के सीमा उणे १.७११ असल्याने शून्य परिकल्पना, म्हणजे सरासरी ५० किलोच आहे हे गृहीत, लगेच फेटाळली जाते. वजन कमीच भरते का, एवढाच प्रश्न मोजणीपूर्वी ठरलेला असेल तर ही चाचणी योग्य आहे. आकडे पाहून ती निवडणे ही माझ्या मते चूक नसून लबाडी आहे.

याउलट, शून्य परिकल्पना फेटाळता आली नाही म्हणून सरासरी ५० किलोच आहे असे लिहिणेही चुकीचे आहे. त्याच अंतरालात ४९.२ सुद्धा बसतो, म्हणजे पोत्यामागे ८०० ग्रॅमची तूट असण्याची शक्यताही या नमुन्याने नाकारलेली नाही. अंतराल निम्मा अरुंद हवा असेल तर साधारण चौपट, म्हणजे शंभरेक पोती मोजावी लागतील.

दोन्ही बाजूंचा फरक धरणाऱ्या चाचणीचे पी-मूल्य येथे सुमारे ०.०५७ आहे. सरासरी ५० असण्याची शक्यता ५.७ टक्के, असा त्याचा अर्थ नाही. सरासरी खरोखर ५० असती तर इतका किंवा याहून अधिक फरक किती वेळा दिसला असता, एवढेच ते सांगते. तसेच ९५ टक्के पोती ४९.११ ते ५०.०१ किलोंमध्ये असतात असेही नव्हे, कारण अंतराल सरासरीचा आहे. एकेका पोत्याची वजने साधारण ४७ ते ५२ पर्यंत जातील. १९३७ मध्ये संख्याशास्त्रज्ञ नेमन यांनी मांडल्याप्रमाणे ९५ टक्के हा पद्धतीचा गुण आहे: असे नमुने पुनःपुन्हा घेतले तर त्यांतून काढलेल्या अंतरालांपैकी सुमारे ९५ टक्के अंतराल खऱ्या सरासरीला सामावून घेतील.

थप्पीतील पुढची, हाताला लागणारी आणि एकाच व्यापाऱ्याची पोती घेतली असतील तर मात्र वरील कोणतेही सूत्र उपयोगी पडत नाही, कारण पोती यादृच्छिक पद्धतीने निवडलेली असणे हे या सर्व गणिताचे गृहीतक आहे. अशा वेळी सर्व पोत्यांना क्रमांक देऊन चिठ्ठ्या टाकाव्यात. बारदानाचे वजन वजा करायचे की नाही, हेही काट्याला हात लावण्यापूर्वी लिहून ठेवावे.