सिंगापूरमध्ये आहात? पीएसएलईसाठी हिंदीतून सूट घ्यायच्या आधी हे वाचा

प्रायमरी फोर-फाइव्हमधल्या मुलांचे आईबाबा गणपतीत, एमआरटीत (इथल्या मेट्रोत), कुठेही भेटले की दुसरा-तिसरा प्रश्न ठरलेला असतो, "ताई, हिंदीची एक्झेम्प्शन मिळू शकते म्हणतात, घेऊन टाकू का?" दर वेळी अर्धवट काहीतरी बोलून होतं आणि घरी आल्यावर वाटतं नीट सांगायला हवं होतं, म्हणून आज सगळं लिहिते.

पीएसएलई म्हणजे इथली सहावीच्या शेवटची परीक्षा, तिच्या स्कोअरवर सेकंडरी शाळा मिळते. इंग्लिश, मॅथ्स, सायन्स आणि मदर टंग (मातृभाषा) असे चार विषय, प्रत्येकाला एएल (अचीव्हमेंट लेव्हल, म्हणजे श्रेणी) १ ते ८, बेरीज ४ आली तर सगळ्यात भारी आणि ३२ म्हणजे तळ. ९० आणि वर एएल १, ८५ ते ८९ एएल २, ८० ते ८४ एएल ३, ७५ ते ७९ एएल ४. पुढे पट्टे रुंद होत जातात, ६५ ते ७४ एएल ५ आणि ४५ ते ६४ सगळे एएल ६. हा एएल ६ लक्षात ठेवा, आमचं घोडं तिथेच अडलं.

आम्ही २०१८ च्या शेवटी पुण्याहून आलो. मुलगी जानेवारीत प्रायमरी फोरला लागली, मुलगा पहिलीला. इथे मदर टंग म्हणून मराठी नाही. भारतीय भाषांपैकी तमिळ आहे, आणि तमिळ सोडून हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी, उर्दू एवढ्याच. त्यामुळे आपली बहुतेक मुलं हिंदी घेतात. मुलीची पुण्यात हिंदी सुरूच झाली नव्हती, ती पाचवीपासून असते, आणि इथली मुलं तर पहिलीपासून शिकत आलेली. एका ओळखीच्या काउन्सेलरने सांगितलं की उगाच कशाला ताण घेता, मध्येच आलेल्या मुलांना सूट मिळते, अर्ज करा आणि तो वेळ मॅथ्स-सायन्सला द्या. आम्हाला पटलं. अर्ज मंजूर झाला त्या दिवशी आम्ही बाहेर जेवायला गेलो होतो, इतकं हायसं वाटलं होतं.

आता खरा घोळ. सूट मिळाली म्हणजे तीनच विषयांची बेरीज होत नाही. चौथ्या विषयाचा स्कोअर ठरवून दिला जातो. बाकी तीन विषयांत तुमच्या मुलासारखेच एएल मिळालेल्या मुलांचं मदर टंगमध्ये काय झालं ते बघून तो ठरतो, पण तो एएल ६ ते एएल ८ याच्यातलाच असतो. पुन्हा सांगते, सहापेक्षा चांगला मिळतच नाही. तुमचं मूल बाकी तिन्हीत एएल १ आणेल, तरी बेरीज ३ अधिक ६, म्हणजे ९. याहून चांगला स्कोअर येणं शक्यच नाही, परीक्षेला बसायच्या आधीच.

मुलीला २०२१ मध्ये इंग्लिश एएल १, मॅथ्स एएल १, सायन्स एएल २ आले. तीन विषयांचे चार. त्यात सहा मिळवले की दहा. मी त्या रिझल्टच्या कागदाकडे बघत बसले होते आणि ती मला विचारत होती, "आई, चांगला आहे ना?" चांगलाच होता हो, दहा हा खूप चांगला स्कोअर आहे. पण हिंदीत तिने ७५ जरी मिळवले असते तरी एकूण आठ झाले असते. आणि तिला फ्रेंच शिकायचं होतं, पाचवीपासून डोक्यात होतं तिच्या. सेकंडरीत तिसरी भाषा म्हणून फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश घ्यायला पीएसएलई आठ किंवा त्याहून चांगली लागते. म्हणजे ज्या दिवशी आम्ही सूट घेतली त्याच दिवशी तो दरवाजा बंद झाला होता, आणि आम्ही त्या दिवशी सेलिब्रेट करत होतो. शाळेच्या पत्रात ठरवून दिलेल्या स्कोअरबद्दल ओळ होती. मी ती वाचली होती, त्याची बेरीज करून पाहिली नव्हती.

मुलाच्या वेळी काहीही झालं तरी हिंदी सोडायची नाही असं ठरवलं. त्याच्या शाळेत हिंदीचा वर्ग नव्हता म्हणून शनिवारी सकाळी सेंटरला जायचं, पहिलीपासून सहावीपर्यंत, पाऊस असो नाहीतर वाढदिवस असो. आणि इथे दुसरी गोष्ट कळली, जी मराठी घरांनाच जास्त चावते. आपल्याला वाटतं लिपी तीच आहे, टीव्हीवर हिंदी चालू असते, होईल आपोआप. होत नाही. चौथीत त्याने गोष्ट लिहिली, शेवटचं वाक्य "चोर को शिक्षा मिली". बाईंनी लाल पेनने मोठं प्रश्नचिन्ह काढलं होतं, कारण हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, चोर शाळेत गेला असा अर्थ झाला. त्याच पानावर "व्यक्ती" आणि "शांती" ला गोल केलेला, हिंदीत ते ऱ्हस्व, व्यक्ति, शांति. आपण शेवटची वेलांटी दीर्घ लिहितो, आणि घरी अभ्यास घेताना मीच त्याला दीर्घ करायला लावलं होतं! शिवाय आपली "ती व्यक्ती" हिंदीत पुल्लिंगी, आपलं "ते पुस्तक" हिंदीत स्त्रीलिंगी. मग आम्ही एक वही केली, डावीकडे मराठी, उजवीकडे हिंदी, फक्त असे फसवे शब्द. दीडशेच्या आसपास झाले. कुठल्याही गाइडपेक्षा ती वही उपयोगी पडली.

पाठ केलेल्या निबंधांच्या मी पूर्ण विरोधात आहे. ट्यूशनवाले दहा निबंध घोकून घेतात, विषय जरा फिरला की मूल गप्प. रोज वीस मिनिटं हिंदीत गप्पा मारा, तोंडीला त्याचाच फायदा होतो. आजी-आजोबांना हिंदी येत असेल तर त्यांनाच व्हिडिओ कॉलवर बसवा, आमच्याकडे सासऱ्यांनी ते काम केलं.

मुलाची २०२४ ला पीएसएलई झाली. एकूण १२, ताईपेक्षा दोन जास्त. पण हिंदीत एएल २.   हिंदीत एएल ३ आला असता तर एकूण तेरा झाले असते. ८४ आणि ८५ मधला तो एक मार्क एवढा महाग आहे. बरं, पीएसएलईच्या रिझल्टमध्ये मार्क दिसत नाहीत, फक्त एएल कळतो, म्हणून शाळेच्या प्रिलिममध्ये (आधीच्या सराव परीक्षेत) मूल पट्ट्याच्या कडेवर आहे का ते तेव्हाच बघून ठेवा.

शाळा निवडताना सहा पर्याय भरायचे असतात. दोन मुलांचा स्कोअर सारखा आला तर आधी सिटिझन, मग पीआर (कायमचे रहिवासी), मग परदेशी, त्यानंतर पर्यायांचा क्रम, आणि तरीही बरोबरी असेल तर कॉम्प्युटरची सोडत. आपल्यातले बरेच पीआर आहेत, तेव्हा मागच्या वर्षीच्या कटऑफला अगदी चिकटून सहाही शाळा भरू नका, शेवटच्या दोन सेफ ठेवा. सेकंडरीत मुलांना वाटणारे एक्सप्रेस-नॉर्मल हे प्रवाह आता नाहीत, २०२४ पासून पोस्टिंग ग्रुप १, २, ३ आहेत (३ सगळ्यात वरचा), २० किंवा चांगला असला की ग्रुप ३. त्यामुळे १५-१६ आले म्हणून घरात सुतक पाळू नका प्लीज. मी दोन घरांत ते बघितलंय आणि मुलांचे चेहरे विसरता येत नाहीत.

सूट कोणीच घेऊ नये असं नाही. मूल पाचवीत येऊन पडलंय, इंग्लिशचेच वांधे आहेत, हिंदीत ४५ सुद्धा कठीण दिसताहेत, तर ठरवून दिलेला सहा किंवा सात कदाचित बराच पडेल, घ्या खुशाल. पण तिसरी-चौथीत आलेल्या, बाकी विषयांत हुशार असलेल्या मुलासाठी घेत असाल तर थांबा. दोन-अडीच वर्षांत मराठी घरातलं मूल हिंदीत ६५ च्या पुढे जाऊ शकतं, म्हणजे एएल ५, म्हणजे सूट घेऊन मिळणाऱ्या बेस्टपेक्षा चांगलं.

मुलगी अधूनमधून फोनवरच्या ॲपवर फ्रेंच करते. तक्रार करत नाही, कधीच केली नाही, मलाच आतून होतं. ज्यांचा सूटीचा फॉर्म अजून टेबलावर पडलाय त्यांनी आज रात्री कागद घेऊन दोन बेरजा करा. एकीत हिंदीसाठी सहा धरा, दुसरीत हिंदीच्या बाईंना विचारून येईल तो खरा अंदाज. दोन्ही आकडे मुलाला दाखवा, आणि त्याला सेकंडरीत कुठली भाषा शिकायची आहे हे सही करायच्या आधी विचारा.