बेसएक्समधली क्वेरी अचानक मंदावली तेव्हा

कॅटलॉगच्या एक्सएमएल (टॅग लावून माहिती मांडलेल्या) फायली मी बेसएक्स या मुक्तस्रोत डेटाबेसमध्ये ठेवतो. आयडीवरून नोंद शोधणारी एक्सक्वेरी (एक्सएमएलला प्रश्न विचारायच्या भाषेतली क्वेरी) डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर द्यायची. एके दिवशी काही नोंदी अपडेट केल्या आणि तीच क्वेरी रेंगाळायला लागली. मेमरी वाढवून पाहिली, काडीचा फरक पडला नाही.

मग क्वेरी कशी चालली ते दाखवणारी क्वेरी इन्फो उघडली. हे आधीच करायला हवं होतं. अॅट्रिब्यूट इंडेक्स (टॅगमधल्या आयडीसारख्या मूल्यांची, पटकन शोधण्यासाठीची सूची) वापरल्याची जी ओळ तिथे एरवी दिसायची, ती गायब! म्हणजे सगळा डेटा पहिल्या नोडपासून (एक्सएमएलच्या घटकापासून) चाळला जात होता. कारण साधं होतं: अपडेट झाल्यावर टेक्स्ट आणि अॅट्रिब्यूट इंडेक्स आपोआप ताजे होत नाहीत, ते जुने ठरतात आणि क्वेरी त्यांना वगळते. इंडेक्स पुन्हा ताजे करणारी ऑप्टिमाइझ कमांड चालवली, ओळ परत आली, वेगही आला.

नवा डेटाबेस बनवताना आता अपडइंडेक्स हा अपडेटसोबत हे इंडेक्सही ताजे ठेवणारा पर्याय चालूच ठेवतो. मजकुरातले शब्द शोधायचा फुल-टेक्स्ट इंडेक्स मात्र त्यात येत नाही, त्यासाठी ऑप्टिमाइझच लागतं.

तरी एक क्वेरी अडून होती. त्यात आयडीची तुलना अवतरणाशिवाय, ४२ या आकड्याशी केली होती. अॅट्रिब्यूट इंडेक्स स्ट्रिंगवर, म्हणजे मजकूर म्हणून दिलेल्या मूल्यावर चालतो. ४२ अवतरणचिन्हांत घातला, काम झालं.

एक्सएमएलची मूळ रचना जपून तिच्यावर थेट प्रश्न विचारता येतात, म्हणून हा डेटाबेस मला फार आवडतो.