ऑर्किडचे क्रोमोसोम आणि वाढ, संबंध कसा तपासायचा

ऑर्किडच्या टॅगवर फोर-एन (म्हणजे क्रोमोसोमचे, गुणसूत्रांचे, नेहमीच्या दोनऐवजी चार सेट) लिहिलेलं रोप आणलं की लोक धरूनच चालतात की हे दुप्पट जोमात वाढणार. बहुतेक वेळा उलटंच होतं, असं चार सेटचं, म्हणजे टेट्राप्लॉइड झाड निवांत वाढतं, पानं जाड नि रुंद, फूल गोलसर आणि भरीव, पण नवीन पान यायला वेळ लागतो. म्हणून आधी क्रोमोसोमचा आकडा कशामुळे बदललाय ते बघा, मग वाढीचं बोलू.

त्या गटाचा नेहमीचा आकडा माहीत पाहिजे. फॅलेनॉप्सिस, व्हँडा ३८, कॅटलिया, सिंबिडियम ४०. फॅलेनॉप्सिसमध्ये ७६ निघाले तर सगळा सेट डबल झालाय, ५७ निघाले तर ट्रिप्लॉइड (तीन सेट), असं झाड दिसायला छान असतं पण बी धरायच्या बाबतीत जवळपास निकामी, क्रॉस करायचे असतील तर त्याच्या नादी लागू नका.

पॅफिओपेडिलममध्ये मात्र जपून. त्यातल्या इन्सिग्ने जातीचे २६, सुखाकुली जातीचे ४०, म्हणून सुखाकुली पॉलिप्लॉइड (जास्तीचे सेट असलेली) असं नाही हं! तिथे मोठे क्रोमोसोम मधे तुटून दोन-दोन झालेत, सेटची कॉपी वाढलेली नाही, त्यामुळे टेट्राप्लॉइडची जाडी वगैरे तिथे शोधत बसू नका.

आणि झाडावर वाढणार की जमिनीत, हे तर आकड्यावरून ठरवूच नका. एरिसिना पुसिला बारीक फांद्यांवर राहते, पानांचा बोटभर पंखा, लवकर फुलते, तिचे १० किंवा १२ मोजलेत, म्हणजे आकडा छोटा आणि झाडही छोटं, जमतंय असं वाटतं. पण एपिडेंड्रम बघा, फुलजेन्सचे २४ आणि सिन्नाबारिनमचे २४०, आणि दोन्ही उभ्या दांड्यांची, वाळूत-खडकावर वाढणारी. काय निष्कर्ष काढणार?

घरी करण्यासारखी एकच टेस्ट आहे, स्टोमाटाची, म्हणजे पानावरच्या सूक्ष्म छिद्रांची. पूर्ण वाढलेल्या पानाच्या खालच्या बाजूला मधोमध पारदर्शक नेलपॉलिश लावा, नीट वाळू द्या, सेलोटेपने अलगद उचला आणि स्लाइडवर चिकटवून मायक्रोस्कोपखाली बघा. टेट्राप्लॉइडमध्ये स्टोमाटा मोठे आणि तेवढ्याच जागेत कमी दिसतात. पण शेजारी त्याच जातीचं, खात्रीचं डिप्लॉइड (नेहमीच्या दोन सेटचं) रोप पाहिजेच आणि दोन्हीचं ऊन-पाणी सारखं हवं, नाहीतर तुलनेला अर्थ नाही. हा अंदाज आहे, पुरावा नाही.

खात्री करायची तर मुळाचं वाढतं टोक घ्यावं लागतं. तीन भाग अल्कोहोल, एक भाग ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड यात फिक्स करायचं, मग ॲसिडमध्ये मऊ करून ॲसिटो-ऑर्सिनने रंगवून काचेखाली दाबायचं, ही कामं लॅबमध्येच करा, वाफा नाकात जातात. टोकच का, तर ऑर्किडच्या जुन्या भागातल्या पेशी न विभागता आपला डीएनए दुप्पट-चौपट करून बसतात, म्हणून पानाचं सॅम्पल डीएनए मोजणाऱ्या मशीनमध्ये घातलं तरी रीडिंग गोंधळात टाकू शकतं. एका पेशीवर थांबू नका, क्रोमोसोम एकमेकांवर पडले की दोन-तीन सहज सुटतात, बऱ्याच पेशींमध्ये तोच आकडा आला तरच टॅगवर लिहा.