सुगरण खाते कुठे, हे शोधायचं कसं

सुगरणीची घरटी कुणालाही सापडतात. लोंबणारे खोपे दिसले की फोटो काढायचे आणि परत फिरायचं, असंच बहुतेकांचं होतं. माझा सल्ला असा, की खोप्यावर फार वेळ घालवू नका. तिथून पक्षी उडतो कुठे, तिकडे लक्ष ठेवा.

झाड पावसाळ्यातच हेरा. विहिरीवर झुकलेली बाभूळ किंवा ओढ्याकाठची शिंदी, आसपास उंच गवत आणि पिकं, अशी जागा हमखास. खोपे बरेचदा झाडाच्या पूर्व अंगाला असतात, नैर्ऋत्येच्या वाऱ्यापावसाच्या आडोशाला. पिवळ्या टोपीचे नर पंख फडफडवत नुसता कालवा करतात. निदान ३० मीटर लांब बसा.

आता एकच पक्षी धरा. चोचीत गवताची लांब हिरवी पट्टी घेऊन आला, तर नराचं बांधकाम चालू आहे. टोळ किंवा अळी असेल, तर आत पिल्लं आहेत. दाणे खाणाऱ्या पक्ष्याच्या पिल्लांनाही आधी किडेच लागतात. कणसं चिकात आली की थवे पडतात आणि शेतकरी वैतागतो, त्याचा वैताग खराच आहे. पण पावसाळ्यात हेच पक्षी शेतातले टोळ-अळ्या उचलतात, हे मी आवर्जून दाखवते.

खाणं बघायला गिनी गवतासारखं उंच, तुरे आलेलं गवत बघा. पक्षी तुऱ्याशी लटकतो, देठ वाकतो, दाणा चोचीत फिरतो आणि फोलपट खाली गळतं. दुर्बीण असेल तर चोचीची हालचालसुद्धा दिसते. पेरणी-मळणीच्या जागी जमिनीवरचे दाणेही टिपतो. भात, ज्वारी, बाजरी, सगळं चालतं.

विणीनंतर खरी पंचाईत. नराचा पिवळेपणा जातो आणि तो चिमणीच्या मादीसारखा दिसू लागतो. जाड, शंकूसारखी चोच आणि आखूड शेपटी बघा. थव्यात मुनिया, म्हणजे दाणे खाणारे दुसरे छोटे पक्षीही मिसळलेले असतात. अशा वेळी संध्याकाळी पाणथळीतल्या उंच पाणकणसाच्या दाटीशी थांबा. सुगरणी तिथे रात्रीच्या मुक्कामाला येतात. थवे ज्या दिशेने आले, त्या दिशेला सकाळी शेतं धुंडाळा.

आणि रिकामा खोपा दिवाणखान्यात टांगायला तोडू नका. जुन्या खोप्यात मुनिया अंडी घालतात.