जोडीदारासाठीची दुआ: या चुका टाळा

नवरा-बायकोनं एकमेकांसाठी मागावी अशी नेमकी दुआ कुरआनात आहे: सूरह अल-फुरकान, आयत 74. कोल्हापुरात घरी दखनी आणि शाळेत मराठी, त्यामुळे ती बऱ्याच जणांच्या हाती मोबाइलवरच्या नुक्ते (ज़, क़ खालची टिंबं) गळालेल्या देवनागरीत येते. पूर्ण मजकूर असा:

रब्बना हब् लना मिन् अज़्वाजिना व ज़ुर्रिय्यातिना क़ुर्रता अअ्युनिंव् वज्अल्ना लिल्मुत्तक़ीना इमामा.

म्हणजे, हे आमच्या रब, आमच्या जोडीदारांकडून आणि मुलाबाळांकडून आमचे डोळे निवतील असं कर, आणि आम्हाला परहेजगारांचा (अल्लाहला भिऊन वागणाऱ्यांचा) इमाम, म्हणजे पुढारी बनव.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे ‘अअ्युन’वर थांबणं. उरलेल्या अर्ध्यात आपण स्वतःचं दीन (धर्माचरण) सुधारायला मागतो. ते गाळलं की ‘त्याला सुधार’, ‘तिला समज दे’ एवढंच मनात उरतं. दुसरी गल्लत ‘हब् लना’च्या जागी ‘हब् ली’ म्हणण्याची. ती हजरत जकरिया यांची संततीसाठीची दुआ, सूरह आले-इमरान 38.

उच्चारात ‘अज़्वाजिना’तला ज़ आणि ज वेगळे ठेवा. ‘क़ुर्रता’चा क़ जिभेच्या अगदी मुळाशी, घशाजवळ उमटतो. ‘हब्’ला ‘हब्ब’ करू नका. ‘अअ्युन’मधलं ‘ऐन’ हे अरबी अक्षर घशाच्या मधून येतं, त्याचं ‘आयुन’ होऊ देऊ नका. पुढे न थांबता म्हणताना ‘निंव्’ नाकातून किंचित लांबवा. हे कागदावरून जमत नाही. मोहल्ल्यातल्या इमामसाहेबांना किंवा मदरशातल्या आलिमांना एकदा म्हणून दाखवा, दहा मिनिटांचं काम आहे.

वेळेचीही गफलत होते. ही आयत असल्यामुळे नमाजेच्या रुकू-सजद्यात (झुकताना आणि माथा टेकताना) तिची तिलावत, म्हणजे कुरआन म्हणून पठण, करू नये, हदीसमध्ये (पैगंबरांच्या वचनांत) मनाई आहे. शेवटच्या कायद्यात (बैठकीत) अत्तहिय्यात आणि दुरूदनंतर (पैगंबरांसाठीच्या दुआनंतर), सलाम फेरण्याआधी ती म्हणा. अजान आणि इकामतच्या (जमात उभी राहतानाच्या पुकाऱ्याच्या) मधली दुआ रद्द होत नाही, असं हदीसमध्ये आहे. मगरिबला जमात लगेच उभी राहते, म्हणून जोहर, असर, इशाची वेळ सोयीची. नवरा शिरोलीच्या कारखान्यात शिफ्टला असला तरी घरातून मागायला अडचण नाही. गैरहजर मुसलमानासाठी मागितलेल्या दुआवर फरिश्ता ‘आमीन, तुलाही तसंच मिळो’ म्हणतो (सहीह मुस्लिम हा हदीससंग्रह). हैजच्या (मासिक पाळीच्या) दिवसांत हनफी मतानुसार तिलावतीची नव्हे, दुआची नियत ठेवून म्हणता येते.

‘313 वेळा, 41 दिवस, साखरेवर फुंकून खायला द्या’ अशा संदेशांच्या नादी लागू नका. या आयतीसाठी असा आकडा कुरआनात नाही, सहीह हदीसमध्येही नाही. आणि जोडीदाराला वश करायच्या टोटक्याला हदीसमध्ये शिर्क (अल्लाहसोबत दुसऱ्याला भागीदार मानणं) म्हटलंय.

आधी अल्लाहची स्तुती, मग दुरूद, मग मागणं. ‘तुझी मर्जी असेल तर’ म्हणू नका, ठामपणे मागा. नंतर आपल्या बोलीत नाव घेऊन मागा: ‘या अल्लाह, त्यांच्या जीवाला चैन दे, नमाजेत मन लागू दे, हलाल रोजीत बरकत दे.’ संध्याकाळी भांडण झालं की त्याच तोंडानं बददुआ निघते, ती आवरा. स्वतःला, मुलांना, मालाला बददुआ देऊ नका, एखादी दुआ कबूल होण्याची घडी गाठली तर ती लागते, असंही सहीह मुस्लिममध्ये आहे.

घरात मारहाण होत असेल तर दुआ चालू ठेवाच, पण गप्प बसू नका. माहेरच्यांना सांगा, गरज पडली तर पोलिसांत जा.