ट्रान्सफर बदलली आणि मीटर खोटं बोलायला लागलं

आयटीआयमधून मेकॅनिक मोटर व्हेइकलचा दोन वर्षांचा ट्रेड करून मी कामठी रोडवर, ऑटोमोटिव्ह चौकाजवळच्या एका गॅरेजात हेल्पर म्हणून लागलो, तेव्हा मला माझ्या हिशेबाचा फार गर्व होता. बाकीची पोरं पाना फिरवायची, मी वहीत रेशो, म्हणजे एक गिअर एकदा फिरायला दुसरा किती फिरतो त्याचा हिशेब, मांडायचो. तिसऱ्या वर्षी याच वहीने मला गिऱ्हाइकासमोर तोंडघशी पाडलं. फोर बाय फोर गाड्यांच्या कामात नव्याने उतरणाऱ्यांना उपयोगी पडेल म्हणून ते सगळं लिहितोय.

गाडी होती मारुतीची जिप्सी. पेंचकडच्या सिल्लारी गेटवर सफारीला चालणारी. नागपूरच्या आसपास पेंच आणि ताडोबा असल्यामुळे आमच्याकडे ही गाडी इतर कुठल्याही शहरापेक्षा जास्त येत असावी. तिची ट्रान्सफर केस गुरगुरायची आणि चढावर लो मधून, म्हणजे कमी वेगाच्या पण जास्त ओढीच्या गिअरमधून, आपोआप सुटायची. (नेहमी चालवायचा तो हाय.) मालक म्हणाला, "नवीन नको, भंगारातून काढा. आणि जरा जास्त ताकदीची भेटली तर पाहा, जंगलात कोणाला पळायचं आहे?"

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: ट्रान्सफर केस म्हणजे गिअरबॉक्सकडून आलेली ताकद पुढच्या आणि मागच्या एक्सलला वाटून देणारी पेटी. महिंद्राच्या जुन्या जीपमध्ये ती गिअरबॉक्सच्या पाठीलाच चिकटलेली असते. जिप्सीत ती वेगळी, मधे रबरी माउंटवर लटकलेली, आणि गिअरबॉक्सपासून तिच्यापर्यंत एक छोटा प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे ताकद पुढे नेणारा फिरता दांडा. म्हणून या गाडीला प्रोपेलर तीन. याचा फायदा असा की गिअरबॉक्सला हात न लावता पेटी एकटी उतरते. शिकाऊ पोरासाठी याहून चांगलं काम नाही.

मारुतीने जिप्सी १९८५ साली आणली ती सुझुकीच्या एसजे ४१० वरून. एसजे ४१० च्या पेटीचा रेशो हाय मध्ये १.५८० आणि लो मध्ये २.५११. पुढच्या एसजे ४१३ ची पेटी १.४०९ आणि २.२६८. म्हणजे जुन्या पिढीची पेटी नव्या पिढीच्या गाडीत बसवली की हाय मध्येच सुमारे १२ टक्के जास्त ओढ मिळते, इंजिन तेवढंच जास्त फिरतं आणि टॉप स्पीड कमी होतो. सफारीच्या गाडीला हे गणित सोयीचं. आम्हाला भंगारात जुनी पेटी मिळाली आणि मालक खूश झाला.

उतरवण्याचं काम मी दोन ओळींत आटोपतो असं वाटत होतं, पण त्यातच नवखे सगळ्यात जास्त मार खातात, म्हणून सांगतो. गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, घ्या, नुसत्या जॅकवर नाही. ऑइल काढण्याआधी भरायचा नट सैल होतो का ते पाहा. तो घट्ट बसलेला असला आणि तुम्ही खालचा नट काढून मोकळे झालात, तर रिकामी पेटी घेऊन बसाल. प्रत्येक फ्लँज (शाफ्ट जोडायची भोकांची चकती) खोलण्याआधी सेंटर पंचने दोन्ही बाजूंना खूण करा. शाफ्ट उलटा-सुलटा जोडला की ६० च्या पुढे गाडी थरथरते आणि मग लोक चाकं बॅलन्स करत फिरतात. मीटरची केबल हाताने सुटते, तिला पक्कड लावू नका. पेटी खोलायची वेळ आली तर लिव्हरच्या दांड्यावरचे बॉल-स्प्रिंग कापड अंथरून काढा. माझा एक बॉल गटारात गेला होता आणि त्याच्यासाठी मी भर मे महिन्यात अख्खं मोमिनपुरा पालथं घातलं. जुन्या-नव्या फ्लँजची भोकं बसवण्याआधी एकमेकांवर ठेवून पाहा. ब्रीदर, म्हणजे पेटीतली हवा बाहेर जायची वाट, फुंकून मोकळा करा. तो बंद असला तर आतली गरम हवा नवीन ऑइल सीलमधून वाट काढते आणि दोष सीलवाल्याला जातो. ऑइल लिटरभरही लागत नाही, लेव्हलच्या भोकातून ओघळायला लागलं की थांबा.

आता मीटर.

माझा तर्क साधा होता. पेटीचा रेशो १२ टक्क्यांनी बदलला, म्हणजे मीटर १२ टक्के जास्त दाखवणार. मग आधीच बंदोबस्त करू. मीटरची गरारी म्हणजे केबल फिरवणारा छोटा प्लॅस्टिकचा गिअर. तिचे दात वाढवले की केबल हळू फिरते, मीटर कमी दाखवतं. दात कमी केले की मीटर जास्त दाखवतं. हा नियम बरोबर आहे, लिहून ठेवा. मी डब्यातून दहाव्या हिश्श्याने जास्त दातांची गरारी शोधली, बसवली, वहीत उत्तर चौकटीत लिहिलं आणि गाडी दिली.

पंधरा दिवसांनी मालक परत. "गाडी पेट्रोल पिऊन राहिली. अकराचा अ‍ॅव्हरेज होता, आता आठ. आणि मी पन्नासवर चाललो असताना साठवाले ट्रक माझ्या मागे राहतात, हे काय आहे?"

मोबाइलचा जीपीएस लावून पाहिलं. खरा वेग ६०, काटा पन्नासच्याही जरा खाली. मी पुन्हा वही काढली. उस्तादने वही माझ्या हातातून घेऊन बॉनेटवर ठेवली.

"काऊन बे, कागद पाहून राहिला. मीटर कुठून हालते ते पायलं का?"

ते माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. उस्ताद मला गाडीत बसवून मुरमाच्या रस्त्यावर घेऊन गेला. डांबरावर नाही, कारण या गाडीत लो टाकली की पुढचा एक्सलही जोडला जातो आणि कोरड्या डांबरावर वळताना सगळं आवळून बसतं. हाय मध्ये जीपीएसवर २५, काटा पाहिला. मग थांबून लो टाकली, पुन्हा जीपीएसवर २५, काटा पाहिला. काटा तिथेच.

"आता सांग. लो आणि हायमध्ये एवढा फरक, तरी मीटर हाललं नाही. म्हणजे?"

म्हणजे मीटर पेटीच्या रेशोच्या नंतर माप घेतं. गरारीला फिरवणारा गिअर मागच्या आउटपुट शाफ्टवर आहे, आणि तो शाफ्ट प्रोपेलरबरोबर फिरतो. पेटीच्या आत काय रेशो आहे याच्याशी मीटरला काही देणंघेणं नाही. त्याला फक्त तीन गोष्टी कळतात: टायर केवढं, डिफरन्शियलचा (एक्सलमधली प्रोपेलरची ताकद चाकांना देणारी गिअरची जोडी, आमच्या भाषेत डिफ) रेशो किती, आणि गरारीच्या जोडीचे दात किती. माझं १२ टक्क्यांचं गणित बरोबर होतं, पण ते ज्या जागी लावायचं ती जागाच तिथे नव्हती.

मग चूक कुठे? ती जुनी पेटी ज्या गाडीतून आली, तिच्या घराण्यात डिफ ४.१११ चा, म्हणजे त्यातल्या मोठ्या गिअरचे, क्राउनचे, ३७ दात आणि छोट्याचे, पिनियनचे, ९. तिच्यातली गरारीची जोडी त्या हिशेबाने. आमच्या गाडीचा डिफ मोजला तर निघाला ३.७२७, म्हणजे ४१ भागिले ११. आमचा प्रोपेलर दर किलोमीटरला कमी फिरतो, म्हणून त्या जोडीने मीटर मुळातच ९ टक्के कमी दाखवलं असतं. वरून मी जास्त दातांची गरारी घालून आणखी कमी केलं. दोन्ही मिळून खऱ्या १०० किलोमीटरला मीटरवर ८२-८३.

डिफ मोजताना एक गंमत सांभाळा. दोन्ही मागची चाकं उचलून, दोन्ही एकाच वेळी एक पूर्ण फेरी फिरवा आणि प्रोपेलरच्या फेऱ्या मोजा, पावणेचारच्या जवळ आल्या. एकच चाक फिरवलं आणि दुसरं जमिनीवर राहिलं तर उत्तर निम्मं येतं. एक फेरी नको, दहा फेऱ्या घ्या, चूक दहाने भागली जाते. आरसी बुकावरून किंवा मॉडेलवरून डिफ ठरवू नका. सफारीच्या गाड्यांचे एक्सल इतके हात बदललेले असतात की कागदावरचं आणि खालचं जुळेलच असं नाही. पुढचाही मोजा. पुढचा आणि मागचा वेगळा निघाला तर मीटर राहू द्या, फोर व्हीलमध्ये घातल्यावर आधी पेटीच फुटेल.

टायरसाठी पुस्तकातला व्यास घेऊ नका. साइडवॉलवर खडूची खूण करा, माणसं बसवून गाडी दहा फेऱ्या ढकला, जमिनीवर टेप लावा. वजनाखाली टायर दबतं, म्हणून हे माप कागदी परिघापेक्षा थोडं कमी येतं, आणि खरं तेच असतं.

बारकी दुरुस्ती करायची असेल तर सूत्र एवढंच: आत्ताचे दात गुणिले मीटरचा वेग भागिले खरा वेग. समजा गरारी २० दातांची, मीटर ५४ दाखवतं आणि खरा वेग ६०, तर हवेत १८ दात. पण यातही एक खोच आहे. फिरवणारा गिअर आणि गरारी ही जोडी असते, दातांचा तिरकेपणा जुळावा लागतो. मी घातलेली गरारी काढली तेव्हा तिचे दात एका बाजूने चाटले गेले होते. अजून महिनाभर चालली असती तर तिचा भुगा झाला असता. शेवटी आम्ही मालकाच्या मूळ पेटीतले मीटरचे दोन्ही गिअर काढले, दात आणि भोक मोजून पाहिलं, जुळलं, आणि जोडीनेच भंगारातून आणलेल्या पेटीत बसवले. गरारीचं सील नवीन टाकलं. हे लोक विसरतात आणि मग ऑइल केबलमधून चढत थेट मीटरच्या काचेपर्यंत येतं.

जबलपूर रोडवर मैलाच्या दगडांनी दहा किलोमीटर मोजले. ६० ला काटा ६२. असंच हवं. काटा थोडा जास्त दाखवत असला तर चालतं, कमी दाखवायला नको. चलान ड्रायव्हरच्या नावाने फाटतं.

राहिला अ‍ॅव्हरेज. मीटरवरचा आठ म्हणजे प्रत्यक्षात पावणेदहाच्या आसपास. म्हणजे अकरावरून एक-सव्वा किलोमीटर खरंच कमी झाला होता, आणि तो पेटीच्या रेशोचा खर्च होता. मालकाला मी हे आधी सांगायला हवं होतं. ताकद मागितली की पेट्रोल जातं हे गिऱ्हाइकाला गाडी देताना नाही, पेटी विकत घेण्याआधी सांगायचं असतं. आणि अशी मूळ रचनेपेक्षा वेगळी वस्तू लावताना मोटार वाहन कायद्याचं गाडीतल्या बदलांबद्दलचं ५२ वं कलम आहे, हेही त्याच वेळी सांगून टाकायचं. तो रागावला, मजुरीतले पैसे कापले, आणि मी काही बोललो नाही.

ती चाटलेली गरारी अजून गॅरेजात खिळ्याला टांगलेली आहे. नवा हेल्पर आला की विचारतो, ही कशाची. मी त्याला चावी देतो आणि म्हणतो, आधी लो टाकून मुरमावर एक चक्कर मारून ये.